मुरतो तो कान!

नवी वस्तू घरात आली की तिला आधी वळण लावावे लागते, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे आणि बव्हंशी ती खरीही आहे. नव्या माठातले पहिल्या दोन-तीन दिवसांचे पाणी कुणी पीत नाही. ते ओतून देतात. बिडाचा नवा तवा तेल लावून चांगला तापवल्याखेरीज त्यावरून घावन सुटत नाही. नव्या पाट्यावर पहिले वाटण वाटतात ते टाकून देण्यासाठीच, कारण त्यात दगडाची कच उतरते. आणि कोल्हापुरी चप्पल ज्याने एकदा पायात घातली आहे, त्याला ‘चप्पल चावते’ म्हणजे काय हे सांगायला नकोच. तेव्हा आमच्या पिढीने नव्या इयरफोनलाही असेच वळण लावायचे ठरवले तर त्यात फारसे नवल नाही.

ज्या गुरुजनांना हा प्रकार ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. नवा इयरफोन आणला की तो लगेच कानात घालून ऐकायचा नसतो म्हणे! तो मोबाईलला जोडून टेबलाच्या खणात किंवा कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवायचा आणि अखंड वाजू द्यायचा. कुणी म्हणतो चाळीस तास, कुणी शंभर, कुणी दोनशे. काय वाजवायचे याचेही नियम आहेत. गाणी चालतात, पण स्वतःला जाणकार म्हणवणारे ‘पिंक नॉइज’ वाजवतात. पत्र्यावर पाऊस कोसळत राहावा तसा हा सलग आवाज असतो आणि त्यात प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखीच शक्ती येते. एवढा अभिषेक झाला की इयरफोन ‘खुलतो’. आधीचा कर्कशपणा जातो, ढोलकीला भरदारपणा येतो, गायिकेच्या गळ्यातली गोलाई ऐकू येऊ लागते. या विधीचे नाव ‘बर्न-इन’. आमच्या वसतिगृहात मात्र त्याला ‘मुरवणे’ असे अस्सल मराठी नाव पडले आहे. ‘इयरफोन मुरायला ठेवलाय, हात लावू नकोस’ असे कुणी म्हटले की मला घरच्या लोणच्याच्या बरणीची आठवण होते.

या विषयावर माझे मत स्पष्ट आहे. मुरण्याची क्रिया होते हे खरे. पण मुरतो तो इयरफोन नव्हे, मुरतो तो कान. हा केवळ शब्दांचा खेळ नाही. कोण मुरले याचे उत्तर चुकले तर आपले पैसे, आपले कान आणि आपली पारख, तिन्ही पणाला लागतात, असे मला वाटते. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आधी ‘बर्न-इन’ या शब्दाचीच चौकशी करू. तो इयरफोनवाल्यांचा नव्हे, विद्युत्‌उपकरणांच्या कारखान्यातला आहे. कोणत्याही यंत्रातले सदोष भाग बहुधा सुरुवातीलाच दगा देतात; जे तेवढ्यातून तगतात ते पुढे बराच काळ नीट चालतात आणि अखेर जुने झाल्यावर पुन्हा बिघडू लागतात. याचा आलेख काढला तर तो न्हाणीच्या टबासारखा दिसतो: दोन्ही टोकांना उंच, मध्ये सपाट. म्हणून कारखान्यात काही भाग मुद्दाम तापवून, ताण देऊन, काही काळ चालवून पाहतात. हेतू एवढाच की कच्चा माल कारखान्यातच गळावा, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ नये. वस्तू सुधारावी हा त्यात उद्देशच नाही. म्हणजे मूळ ‘बर्न-इन’ ही नापासांना बाहेर काढणारी परीक्षा होती. आपण तिचा पासांना अधिक हुशार करणारा शिकवणीवर्ग करून टाकला!

याला दुसरा आधार मोठ्या स्पीकरचा दिला जातो आणि त्यात तथ्य आहे. मोठ्या स्पीकरचा कागदी शंकू जागच्या जागी धरून ठेवायला मागच्या बाजूस राळ लावून ताठ केलेल्या कापडाची एक घडीदार चकती असते. स्पीकर वाजू लागला, शंकू पुढेमागे हलू लागला की ही चकती थोडी सैल होते आणि तिची नैसर्गिक कंपनसंख्या किंचित खाली येते. हे मोजता येते आणि मोजलेलेही आहे. परंतु इयरफोनच्या पोटात ही चकतीच नसते. तिथे एक सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचा, केसाहून पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा, त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे आणि एक लोहचुंबक, एवढाच संसार. कडेची लवचीक घडीसुद्धा त्याच पडद्याची. सैल व्हायला राळेचे कापड नाही आणि हालचाल तर इतकी सूक्ष्म की डोळ्यांना दिसणार नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण लागते म्हणून मनगटी घड्याळात एरंडेल ओतण्यासारखे हे आहे.

बनवणाऱ्यांचे म्हणणे काय? शूर नावाची एक अमेरिकन कंपनी मायक्रोफोन आणि इयरफोन बनवते. तिने ई-१ नावाचा इयरफोन १९९७ मध्ये बाजारात आणला होता. त्यातले भरपूर वापरलेले नग वर्षांनंतर पुन्हा मोजले, तेव्हा ते कारखान्यातून निघताना जसे होते तसेच भरले, असे कंपनीनेच सांगितले आहे. ‘आमचा माल शंभर तासांनी आणखी गोड होतो’ असे सांगण्यात धंद्याचा फायदाच होता. तरी त्यांनी ते सांगितले नाही. नावाप्रमाणे शूर म्हणायला हवेत! उलट बाजूचेही न्यायाने सांगितले पाहिजे. काहींना आपल्या मोजमापात बारीक फरक सापडलेले आहेत. पण तेवढा फरक इयरफोन कानातून काढून पुन्हा घातला तरी पडतो. कानात घालायचे रबरी बोंडूक जरा सैल बसले की फट राहते आणि खर्जातले आवाज त्या फटीतून निसटतात. आठ-दहा दिवसांत आपल्याला तो नीट बसवता येऊ लागतो, कानावरच्या गाद्या चेपून मऊ होतात आणि खर्ज भरून येतो. श्रेय मात्र खणातल्या पावसाला मिळते.

मला सर्वांत संशयास्पद वाटते ती निराळीच गोष्ट. मुरलेला इयरफोन नेहमी सुधारतोच कसा? वापराने वस्तूत खरोखर बदल होत असेल, तर काही वस्तू सुधाराव्यात, काही बिघडाव्यात, काही जशाच्या तशा राहाव्यात. ‘पहिल्या दिवशी काय सुंदर वाजत होता, शंभर तास मुरवला आणि पार बिघडला’ असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. ज्या औषधाने प्रत्येक रोगी नेहमी बराच होतो, त्या औषधाकडे नव्हे, रोग्यांच्या मनाकडे पाहावे, एवढे तर्कशास्त्र आम्हाला पहिल्याच वर्षाला शिकवले आहे.

खरे वाद्य विचारात घेतले तर वापराचा महिमा आणखी वेगळा दिसतो. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांची खरी परीक्षा जवारी काढण्यात असते. घोडीचा माथा कानसेने इतका बेताने घासायचा की तार त्यावर हलकेच टेकत राहावी आणि खाली सरकवलेल्या सुताच्या धाग्यासरशी तंबोरा बोलू लागावा. ही जवारी वाजवून वाजवून सुधारत नाही. तार घासून घोडीवर चरे पडतात, नाद बोथट होतो आणि तंबोरा पुन्हा कारागिराकडे न्यावा लागतो. पाट्यालाही काही काळाने टाकी लावून घ्यावी लागतेच की! व्हायोलिन वाजवून वाजवून गोड होते, असे पाश्चात्त्य वादक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत. सिडनीतल्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून, सारख्या लाकडाची दोन व्हायोलिने घेतली. एक संग्रहालयात ठेवले, दुसरे एका व्यावसायिक वादकाकडे नित्य वाजत राहिले. तीन वर्षांनी वादक आणि श्रोते यांच्याकडून दोन्हींची तुलना करवली, तेव्हा लक्षणीय फरक आढळला नाही. हा वृत्तान्त २००५ साली प्रसिद्ध झाला. लाकडाच्या वाद्याची ही कथा, तर प्लॅस्टिकच्या पडद्याने काय मोठे दिवे लावावेत!

मग शेकडो मुलांना फरक ऐकू येतो तो काय खोटा? मुळीच नाही. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि या प्रश्नाचे उत्तर आमच्याच शाखेत आहे असे मला वाटते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेच आपल्याला आवडू लागते. त्याने लोकांपुढे अर्थहीन शब्द, अनोळखी चिन्हे, परक्या माणसांचे चेहरे कमीअधिक वेळा ठेवले. जे जास्त वेळा दिसले ते लोकांना जास्त बरे वाटले. ओळखीने प्रीती वाढते, हे आपण माणसांबाबत जाणतोच.

याहून विलक्षण प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला आणि १९९८ साली प्रसिद्ध झाला. चार माणसांच्या बाह्यकर्णात साचे बसवून त्यांच्या कानांचा आकार बदलण्यात आला. आवाज वरून येतो की खालून, हे ओळखण्याची त्यांची शक्ती पार कोलमडली. पण साचे तसेच ठेवून ती माणसे रोजचे व्यवहार करत राहिली आणि काही आठवड्यांत ती शक्ती परत आली. कान तेच विचित्र, पण मेंदूने नव्या कानांची भाषा शिकून घेतली होती. आणि साचे काढल्यावर जुनी भाषाही विसरली नव्हती! बहिऱ्या माणसाला कॉक्लियर इम्प्लांट बसवतात तेव्हाही हेच होते. सुरुवातीला माणसांचे बोलणे यंत्रासारखे वाटते आणि सरावाने, महिन्यांमागून महिने, ते स्पष्ट होत जाते. मुरण्याची क्रिया एवढी थोर आहे. तिला दोन हजार रुपयांच्या वस्तूच्या खात्यावर जमा करणे म्हणजे आपल्याच मेंदूवर अन्याय आहे.

त्यात स्मरणशक्तीचा घोटाळा वेगळाच. ऐकलेल्या नादाची हुबेहूब आठवण काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. सोमवारी इयरफोन कसा वाजत होता, हे शुक्रवारी आपण आठवत नसतो, रचत असतो. त्यात अपेक्षेची भर पडते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या अभ्यासकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर लोकांना एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. दोन्ही वेळचे गुण जुळले नाहीत. मोठा, देखणा स्पीकर डोळ्यांना दिसला की त्याचे गुण वाढत. आपण केवळ कानांनी ऐकत नाही. डोळ्यांनी ऐकतो, किमतीने ऐकतो आणि ‘आता शंभर तास झाले’ या आकड्यानेही ऐकतो.

‘असेना का! खणात इयरफोन वाजला तर तुझे काय जाते?’ असे माझे मित्र विचारतात. माझे काही जात नाही, पण त्यांचे जाते. आमच्या वसतिगृहातल्या एका मित्राने सुट्टीत कांदाकाढणीला जाऊन मिळवलेल्या पैशांतून अठराशे रुपयांचा इयरफोन घेतला. डाव्या बाजूचा आवाज पहिल्या दिवसापासून बसका होता. दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, ‘नवा आहे, शंभर तास वाजू द्या, खुलेल.’ रोज अभ्यास सांभाळून शंभर तास भरायला महिना लागला. बदलून देण्याची मुदत होती दहा दिवसांची. डावी बाजू अजून बसकीच आहे. आता हिशेब पाहा. शंभर तास म्हणजे अहोरात्र वाजवले तरी चार दिवस चार तास. दोनशे म्हणजे आठ दिवस आठ तास. आणि रोज अडीच तासांच्या हिशेबाने शंभराला चाळीस दिवस. बहुतेक ठिकाणी माल परत घेण्याची मुदत याच्या आत संपते. मुरवण्याची ही श्रद्धा कुणाच्या पथ्यावर पडते, ते मी सांगायला नको. सदोष वस्तूला ‘तिला वेळ द्या’ म्हणणे आणि गिऱ्हाइकाला ‘तुमचा कान कच्चा’ म्हणणे, ही एकाच नाण्याची छापा-काटा आहे. बिनतारी इयरफोनची तर आणखी गंमत. एका चार्जिंगवर तो पाच तास चालतो असे धरले तर शंभर तासांत वीस चार्जिंगे झाली. त्यातल्या बॅटरीचे आयुष्य काही शे चार्जिंगांचे. एक सूरही न ऐकता आयुष्य खर्ची घालायचे, याला मुरवणे म्हणायचे की झिजवणे?

दुसरे नुकसान त्याहून गंभीर. इयरफोन अजून ‘खुलला नाही’ म्हणून आवाज चढवून ऐकणारे मी रोज पाहतो. मोठा आवाज बराच वेळ ऐकला की कान तात्पुरता बधिर होतो. तीव्र स्वर बोथट वाटू लागतात. ‘कर्कशपणा गेला’ म्हणून ज्याचा आनंद होतो, ती कधीकधी इयरफोनची प्रगती नसून कानाचा थकवा असतो! एका कानाच्या शंखाकृती पोकळीत जेमतेम पंधरा-सोळा हजार संवेदक केशपेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. ९० डेसिबलचा मात्र केवळ ४ तास. अशा बेपर्वा ऐकण्यामुळे जगातल्या १०० कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे, असे हीच संघटना सांगते. इयरफोन जळला तर दुसरा आणता येतो. कानांचे दुकान अजून कुठे निघालेले नाही.

माझे म्हणणे कुणी डोळे झाकून मानावे अशी अपेक्षा नाही; कान उघडे ठेवून तपासावे एवढीच आहे. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या आपल्या ग्रंथात एका बाईंची हकीकत दिली आहे. चहात आधी दूध घातले की आधी चहा ओतला, हे चवीवरून कळते असे त्यांचे म्हणणे. फिशरने वाद घातला नाही. आठ पेले मांडायचे, चार या रीतीचे, चार त्या रीतीचे, क्रम लपवायचा आणि ओळखायला सांगायचे, अशी परीक्षा त्याने मांडली. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. आपणही हे करू शकतो. एकाच जातीचे दोन इयरफोन घ्या. नवे असतानाच ते डोळे बांधून वेगळे ओळखता येतात का ते पाहा; येत असतील तर ती जोडी बाद. मग एक शंभर तास मुरवा, दुसरा खोक्यात ठेवा. मित्राने नाणेफेक करून त्यातला एक तुमच्या कानात घालावा आणि तुम्ही ‘मुरलेला’ की ‘कच्चा’ ते सांगावे. असे दहा वेळा. दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११. तेवढे जमले तर मी जाहीरपणे टाळ्या वाजवीन. आमच्या विभागाच्या प्रात्यक्षिकात हा प्रयोग घ्यावा, अशी माझी गुरुजनांना नम्र सूचना आहे. खर्च दोन इयरफोनचा, आणि चहाचा.

कलाशाखेच्या वाचकाला यातले मर्म नवे वाटू नये. दहाव्या-अकराव्या शतकातल्या काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने ध्वन्यालोकावर टीका लिहिताना सहृदय कुणाला म्हणावे ते सांगितले आहे. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, असा त्याचा आशय. आरसा घासला जातो तो वाचकाच्या मनाचा. शंभर वेळा उघडमीट केल्याने ग्रंथातल्या कविता सुधारतात असे तो म्हणत नाही आणि आपणही म्हणत नाही. मग ग्रंथालयातले पुस्तक कपाटात ठेवून मुरत नसेल, तर कपाटातला इयरफोन कसा मुरावा? आणि समजा, त्याला शंभर तासांचा पाऊस ऐकवलाच, तर ते शंभर तास ऐकले कुणी? कपड्यांच्या घडीने!

तानसेन होणे दैवाधीन, कानसेन होणे मात्र आपल्या हाती, असे जुने लोक म्हणत. तेव्हा मित्रहो, नवा इयरफोन आणलात तर तो पहिल्याच दिवशी कानात घाला. बोंडूक नीट बसवा. दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते तपासा. बेताच्या आवाजात आपल्या ओळखीची चार गाणी ऐका आणि नाही आवडला तर मुदतीच्या आत सरळ परत करा. तो खुलेल म्हणून वाट पाहू नका. आवडला, तर तेच शंभर तास स्वतः ऐका. एका रागाच्या चार गायकांनी गायलेल्या चार बंदिशी ऐका, तबल्याच्या बोलांकडे लक्ष द्या, मागचा तंबोरा शोधा. शंभर तासांनी गाणे अधिक भरलेले, अधिक जवळचे वाटेल, याची खात्री मी देतो. फक्त त्या वेळी कौतुकाची थाप कुणाच्या पाठीवर मारायची, ते तेवढे चुकू देऊ नका.